भरल्या ओटीचं वजन

नागपूरच्या बेसा रोडवरच्या त्या शाळेच्या नावात इंटरनॅशनल हा शब्द पहिल्या दिवसापासून होता. शाळेच्या मागे म्हशींचा गोठा होता, तोही पहिल्या दिवसापासूनच. आता नावाला जागायचं म्हणून संचालक गिरिधर सरांनी सातवीच्या मुलांची सहल थेट शारजाला न्यायचं ठरवलं. पालकसभेत त्यांनी विमान कंपनीचं असं काही कौतुक केलं की ऐकणाऱ्याला वाटावं, विमान सरांनी स्वतःच्या अंगणात बांधलंय. तिकीट स्वस्त होतं. इतकं स्वस्त की त्यात बसण्याखेरीज काहीच नव्हतं. पाणी विकत, जेवण विकत, खिडकी हवी तर खिडकीही विकत, आणि सामान म्हणाल तर हातात सात किलो, वर एक रुमालसुद्धा नको. "सात किलोत जग पाहायचं, हाच खरा संस्कार," असं सर म्हणाले आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. आपण लग्नाला इथल्या इथे कन्हानला गेलो तरी दोन बॅगा घेऊन जातो, हे त्या क्षणी एकालाही आठवलं नाही.

भूगोलाच्या चारुशीला मॅडम मागच्या बाकावर बसून हे ऐकत होत्या. वाळवंट, वारे, भरती-ओहोटी हे सगळं त्यांनी अर्ध्या नागपूरला शिकवलं होतं, आणि स्वतः विमान पाहिलं होतं ते गच्चीवरून, कपडे वाळत घालताना. त्यांना जायचं होतं. लहान पोरीसारखं, रडू येईल इतकं जायचं होतं. मुलांसोबत दोन मोठी माणसं लागणार होती. त्यातली एक जागा सरांच्या पत्नी हिमानी मॅडमची, कारण त्या सहलीच्या कोऑर्डिनेटर होत्या. एरवी शाळेत त्या नेमकं काय करतात, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. दुसरी जागा चारुशीला मॅडमना मिळाली, पण सरांनी केबिनमध्ये बोलावून एक अट घातली.

"तुमचं जाणं नक्की समजा मॅडम. फक्त पालकांची तक्रार येता कामा नये. अगदी विमानतळावर जरी कोणी नको म्हटलं, तरी तुम्हाला थांबावं लागेल. मी माझं तिकीट अन् व्हिसा काढून ठेवलाय."

"तक्रार कशाची, सर?"

सर खिडकीतून गोठ्याकडे पाहू लागले. "तसं काही नाही हो. मी नाही मानत. पण लोक असतात ना."

'तसं काही' म्हणजे काय, ते मॅडमना पुरतं ठाऊक होतं. त्यांचे यजमान वारून बरीच वर्षं झाली होती. तोंडावर कोणी काही बोलत नसे. लोक शिकलेले होते. फक्त त्यांच्या इमारतीत हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं ते खालच्या मजल्यावरून सरळ वरच्या मजल्यावर जायचं, मधलं एक दार सोडून. मॅडमना त्याचीही सवय झाली होती. "तोंडाला कुलूप लावते सर," असं म्हणून त्या बाहेर आल्या आणि घरी जाऊन त्यांनी आपली बॅग तीनदा भरली, तीनदा रिकामी केली.

सहलीच्या दिवशी दुपारी विमानतळाच्या दारासमोर हीऽ गर्दी. मूल एक आणि पोचवायला आख्खं खानदान. दिवाळी नुकतीच झाली होती, त्यामुळे बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात एक पिशवी होती. त्याचं असं झालं होतं की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी गौरांगच्या आजीने, म्हणजे यमुताईंनी, एक निरोप टाकला होता: 'आपली मुलं मॅडमच्या भरवशावर परदेशी चालली, तर मॅडमची ओटी भरून निरोप देऊ.' खाली अंगठेच अंगठे. कोणती मॅडम, हे लिहायची गरज कोणालाच वाटली नव्हती.

हिमानी मॅडम पदर पसरून उभ्या राहिल्या आणि बायकांची रांग लागली. हळद, कुंकू, खण, मूठभर तांदूळ आणि वर एक नारळ. दुसरी आली, तिचाही नारळ. तिसरीचाही. पदर पुरेना, म्हणून कोणाच्या तरी गाडीतून बाजाराची मोठी थैली आणली. चारुशीला मॅडम शेजारीच उभ्या होत्या, तर एका मुलाची आई, जी दातांची डॉक्टर होती, लगबगीने त्यांच्याजवळ आली.

"मॅडम, तुम्ही जरा बाजूला होता का? आमचे फोटो काढा ना प्लीज. मी अजिबात नाही मानत हो असलं काही, पण सासूबाई आहेत."

मॅडमनी फोटो काढले. छान काढले. हिमानी मॅडमचा चेहरा मखरातल्या देवीसारखा आला होता, आणि मॅडमच्या मनात आलं, ही बाई गेल्या वर्षी अंबाझरीच्या सहलीत दोन पोरं बागेतच विसरून आली होती. पण कुलूप म्हणजे कुलूप. शारजाची वाळू दिसेपर्यंत ते उघडायचं नव्हतं.

त्या गर्दीत दीक्षा आणि तिची आजी इंदूबाई कडेला उभ्या होत्या. दीक्षाचे बाबा हिंगण्याला कंपनीत, त्यांची दुपारची पाळी, म्हणून पोचवायला आजी आली होती.

"हे काय चालू हाय वं?" इंदूबाईंनी नातीला विचारलं.

"ओटी भरून राहिल्या, आजी."

"आमच्यात नाही बापा हे," असं म्हणून इंदूबाई सरळ चारुशीला मॅडमपाशी आल्या आणि त्यांच्या हातात दीक्षाचा हात दिला. "पोरीले गाडीत उलटी होते मॅडम. ईमानाचं काही मालूम नाही. तुमी पाहजा." एवढं बोलून त्या रेलिंगला टेकून उभ्या राहिल्या.

मग दारापाशी विमान कंपनीची एक मुलगी आली, गळ्यात लाल रुमाल, हातात लटकता वजनकाटा आणि चेहऱ्यावर हसू. तेवढं हसू तिकिटात फुकट होतं. मुलांच्या बॅगा एकेक करून पास झाल्या. शेवटी हिमानी मॅडमची थैली काट्याला लागली आणि मुलीचा हातच खाली गेला.

"मॅम, ये नहीं जाएगा. और नारियल तो केबिन में वैसे भी अलाउड नहीं है."

"मग सामानात टाका की," हिमानी मॅडम म्हणाल्या.

"आपके टिकट में चेक-इन बैगेज है ही नहीं मॅम. एक्स्ट्रा लगेगा." तिने आकडा सांगितला, तो ऐकल्याबरोबर गिरिधर सरांमधला संस्कार जागा झाला.

"छे छे! एवढ्यात तर बर्डीच्या बाजारात नारळाचं दुकान टाकता येईल. ठेव इथेच."

"इथेच ठेव?" हिमानी मॅडमचा आवाज चढला. "भरलेली ओटी टाकून विमानात बसू? वर काही झालं म्हणजे?"

'वर काही झालं म्हणजे' हे शब्द कानावर पडले मात्र, सगळ्या गर्दीचं शिक्षण क्षणात उतरलं. आपापला नारळ परत घ्या म्हटलं तर बायका दोन पावलं मागे सरकल्या. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिलेली ओटी परत घेतात का कुठे, मी नाही मानत, पण आज माझा मुलगा विमानात बसणार आहे. एका टॅक्सीवाल्याला थैली देऊ केली तर तो म्हणाला, "नको बाई, मलेबी लेकरं हायेत." कचऱ्याच्या डब्याचं तर नावही कोणी काढेना. काट्यावाली मुलगी मात्र त्याच हसऱ्या चेहऱ्याने सांगत होती की काउंटर बंद व्हायची वेळ आलीय आणि विमान कोणासाठी थांबत नाही. पोरं रडकुंडीला आली. एका ग्रुपवरच्या अंगठ्यांनी आख्खी सहल फुटपाथवर बसवली होती.

तेवढ्यात यमुताईंचा चेहरा उजळला. "अवं, एवढा इचार काहून करून राहिल्या? चारुशीला मॅडमले द्या ना थैली! त्यायले काही होत नाही."

सगळ्यांनाच ती कल्पना एकदम पसंत पडली. "हो की! त्यांना चालेल." "आधीच सुचायला हवं होतं." हिमानी मॅडमनी इतक्या घाईने थैली पुढे केली की तांदूळ सांडले. चारुशीला मॅडमच्या तोंडाकडे मात्र एकीनेही पाहिलं नाही.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थैली मुकाट्याने घ्यायची, कुठल्या तरी खांबामागे ठेवायची आणि विमानात बसायचं, एवढंच तर करायचं होतं. सहल वाचली असती, त्यांची जागाही वाचली असती. आणि इतकी वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं?

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "यमुताई, मला काही होत नाही, नाही का?"

"तसं नाही वं बाई, मी आपलं..."

"बरोबरच बोललात. माझं व्हायचं ते होऊन गेलं."

त्यांनी पदर खोचला, थैली ओढत पार्किंगच्या कडेला नेली, उकिडव्या बसल्या आणि पहिला नारळ सिमेंटच्या कठड्यावर असा आपटला की पाणी गिरिधर सरांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर उडालं.

"मॅडम! हे काय करून राहिल्या तुम्ही?" घाबरल्यावर सरांचं इंग्लिश मीडियम नेहमीच गळून पडायचं. "पालकांच्या भावना..."

"कोणाची तक्रार आहे का?" मॅडमनी दुसरा नारळ उचलला आणि गर्दीकडे पाहिलं. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "असेल तर आत्ताच सांगा. मी घरी जाते, सर जातील मुलांसोबत. फक्त जिची तक्रार, तिने आपला नारळ सोबत घरी न्यावा."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सर बायकोकडे पाहू लागले. यमुताई थैलीपासून एक पाऊल मागे सरकल्या.

"नाही ना? मग या. बॅग सात किलो. पोटाचं वजन कंपनी करत नाही. खा रे पोरांनो, सगळं संपवायचं."

पोरं तुटून पडली. मॅडम फोडत होत्या, दीक्षा वाटत होती, गौरांग दोन्ही गालांत खोबरं कोंबून तिसऱ्यासाठी हात पुढे करत होता. काट्यावाल्या मुलीने आधी नको नको म्हटलं आणि मग दोन तुकडे घेतले. खणाचे रुमाल मुलींच्या गळ्यात गेले. तांदळाचं काय, असा प्रश्न आला, तेव्हा इंदूबाई पुढे आल्या. "आना, मी नेतो. चांगला तांदूळ हाय, टाकता काहून?" त्यांनी थैली झटकून घेतली आणि जाता जाता एक खोबऱ्याचा तुकडा यमुताईंच्या हातावर ठेवला. इतक्या लोकांसमोर नाही म्हणता येईना, म्हणून यमुताईंनी तो खाल्ला.

विमानात जागा विकत न घेतलेल्या माणसाला कंपनी कुठेही टाकते, तशी आमची इंटरनॅशनल पोरं विमानभर विखुरली होती. हिमानी मॅडमनी स्वतःपुरती पुढची, पाय पसरायची सीट पैसे भरून घेतली होती. संस्कार फक्त मुलांसाठी होता. चारुशीला मॅडमना चक्क खिडकी मिळाली होती. त्या काचेला नाक लावून बसल्या. विमान अजून जागचं हललंही नव्हतं, तरी त्यांना इतका आनंद झाला होता की शेजारच्या अनोळखी माणसाला त्या दोनदा "विमान आहे" असं सांगून बसल्या.

मग मागून रडण्याचा आवाज आला. गौरांग. सर्वांत शेवटच्या रांगेत, दोन धिप्पाड माणसांच्या मधे, हुंदके देत. मॅडमनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा मागे पाहिलं, पुढे आरामात डोळे मिटून बसलेल्या कोऑर्डिनेटरकडेही पाहिलं. मग उठल्या, त्यातल्या एका धिप्पाडाला आपली खिडकी दिली आणि गौरांगशेजारी जाऊन बसल्या. त्याने त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. त्याचे हात खोबऱ्याने चिकट झाले होते.

त्याच्या खिशात फोन वाजला. व्हिडिओवर यमुताई, अजून पार्किंगमध्येच थांबलेल्या. नातवाचे लाल डोळे पाहून त्यांचा बांध फुटला.

"नको रडू रे माह्या राजा! मॅडम? मॅडम हायेत का तिथं? मॅडम, माहा नातू तुमच्या ओटीत घातला हो! तुमच्या ओटीत घातला!"

मॅडमनी फोन हातात घेतला. इतक्या वर्षांत हे शब्द त्यांना कोणी म्हटले नव्हते. ते त्यांना हवेसे वाटले, आणि त्याच्या मागोमाग रागही आला.

"ओटीत नका घालू, यमुताई," त्या म्हणाल्या. "ती भरायची वेळ आली की तुम्ही मला बाजूला उभं करता. त्याने माझा हात धरलाय. हा पाहा."

त्यांनी फोन खाली वळवला आणि हात दाखवला. लाल रुमालवाली एक हवाई सुंदरी फोन बंद करा म्हणून खुणा करायला लागली.

"मॅडम," यमुताई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "सोडू नका बरं तो हात."

"नाही सोडत," मॅडम म्हणाल्या, आणि विमान चालू लागलं.