डॅशबोर्डखालचा स्विच

इंजिन म्हणजे घरातला एकटा कमावता माणूस, असं मिस्त्रीचं लाडकं म्हणणं होतं. गाडी ओढायची ती ओढायचीच, वर पट्ट्याला लटकलेली मंडळीही पोसायची. पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, बॅटरी भरणारा अल्टरनेटर, सगळे त्याच्याच जिवावर फिरणार. "आणि यातला एसी म्हणजे जावई," तो म्हणायचा. "सगळ्यात जास्त खातो आणि नुसता थंड बसतो." हे तो मुद्दाम दाजींच्या समोर म्हणायचा. दाजी हसायचे. मिस्त्रीची ताई आतून ओरडायची, "माझ्या नवऱ्याला नावं ठेवायची नाहीत हं!"

दाजी एका संस्थेची रुग्णवाहिका चालवायचे. संस्थेच्या ऑफिसात एक फळा होता. कुणाची गाडी लिटरला किती किलोमीटर देते, ते दर महिन्याला त्यावर लिहीत. सगळ्यात वर कायम दाजी. चढ लागला की एसी बंद करायचा, क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही, असे त्यांचे शंभर नेम होते. त्या फळ्यापायी हा माणूस, बाईने नवी साडी बघावी तसा डिझेलचा काटा बघायचा.

मग गाडीतले मोठे सिलिंडर गेले आणि विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन आलं. अडीनडीला एक छोटा सिलिंडर तेवढा ठेवला, दहा मिनिटं पुरेल असा. मशीन चालणार इन्व्हर्टरमधून बॅटरीवर, बॅटरी भरणार अल्टरनेटर, आणि त्याच्याकडून जितकी जास्त वीज मागावी तितका तो फिरायला जड. इंजिन आधीच म्हातारं. खिंडीच्या चढावर गाडी रडायला लागली आणि फळ्यावर दाजी तिसरे आले.

"काहीतरी कर ना रे," दाजी म्हणाले. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, हे ताईनेच भावाला सांगितलं होतं.

मिस्त्रीने केलं. अल्टरनेटरच्या वायरीत एक स्विच घालून तो डॅशबोर्डखाली, गुडघ्याजवळ बसवला. चढाला खाली दाबायचा. अल्टरनेटर रिकामा फिरतो, मशीन साठलेल्या बॅटरीवर चालतं आणि इंजिनाची ताकद चाकांना मिळते. माथ्यावर पोचलं की वर करायचा. स्विच खाली असला की बॅटरीचा लाल दिवा लागायचा. तो संस्थेच्या साहेबांनी बघितला तर पंचाईत, म्हणून दाजींनी त्याचा बल्ब काढायला लावला. मिस्त्रीने काढला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याने त्याला गॅरेजबाहेर घालवलं असतं. पण दाजींना नाही म्हणायची सवय त्याच्या जिभेला नव्हती.

एका दुपारी ताईला श्वास लागला. दमा जुनाच, पण ओठ असे निळे कधी पडले नव्हते. डॉक्टर म्हणाले, खिंडीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्या, मशीन लावून न्या, सव्वा तासाचा रस्ता आहे. दाजी स्वतः गाडीवर बसले. मिस्त्री मागे ताईजवळ बसला.

चढ झाला, माथा आला, उतार लागला. दाजी आरशात एकसारखे मागे बघत होते.

"आहे ना रे बरी?"

"बरी आहे, तुम्ही पुढे बघा." ताईने भावाचं मनगट धरून ठेवलं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसंच, अगदी घट्ट.

उतार संपून सपाटी लागली आणि इन्व्हर्टर ओरडू लागला. मिनिटभरात मशीन बंद पडलं. मिस्त्रीने छोटा सिलिंडर जोडला आणि मधल्या खिडकीतून ओरडला, "दाजी, स्विच वर केलाय ना?"

"केलाय, केलाय!"

दाजींनी खाली बघितलं नाही. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याचा हात आपोआप चालतो, आणि त्यांची जीभही तशीच आपोआप चालली. मिस्त्रीने विश्वास ठेवला. म्हणजे आपल्याच वायरीत खोट, असं धरून तो इन्व्हर्टर उघडून बसला. फ्यूज काढला, घातला. प्रत्येक टोक ओढून बघितलं. मीटर गॅरेजात राहिलं होतं. मागून पुढे जायला वाट नव्हती, आणि गाडी थांबवायची म्हणजे ताईची मिनिटं खायची. एक स्क्रू खाली पडला, तोच शोधत राहिला. सिलिंडरचा काटा शून्यावर आला तेव्हा दवाखाना अजून पंधरा मिनिटं लांब होता. त्याने हातातलं सगळं टाकलं आणि मनगट पुन्हा ताईच्या हातात दिलं.

मनगटावरची पकड दवाखान्याच्या फाटकाआधीच सुटली.

स्ट्रेचरबरोबर दाजी धावत आत गेले. मिस्त्री पुढच्या दाराशी आला आणि वाकून डॅशबोर्डखाली हात घातला. स्विच खाली होता.

त्याने तो वर केला. का केला, त्यालाही सांगता आलं नसतं.

पंधरा दिवसांनी दाजी गॅरेजात आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. लावून देणारी गेली होती. गाडी आतच उभी होती. मिस्त्रीने स्विच काढून वायर सरळ जोडली होती आणि लाल दिव्याला नवा बल्ब घातला होता. दाजी त्या मोकळ्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिले.

"मला एक खरं सांग," ते म्हणाले. "मला रात्रंदिवस तेच दिसतं. मी तो स्विच वर केल्याचं मला आठवत नाही रे."

मिस्त्रीला सगळं बोलून टाकावंसं वाटलं. या माणसाची गचांडी धरावी, फळ्यावरचं नाव त्याच्या तोंडावर मारावं, असंही वाटलं. पण बल्ब काढणारा हात त्याचाच होता.

"वर होता, दाजी. मी हात लावून बघितला. माझीच वायर सैल होती."

दाजींनी हळूहळू मान हलवली. "तरीच," ते म्हणाले. मग मेहुण्याकडे न बघता गाडीत बसले.

त्यांनी चावी फिरवली. लाल दिवा लागला, इंजिन चालू झाल्यावर विझला. दाजी गाडी घेऊन गेले आणि पुन्हा त्या गॅरेजात कधी आले नाहीत.