ठणका थांबल्यावर

प्रांजलीची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली तेव्हा तिला सहावा महिना होता. आधी तिने लवंग धरून पाहिली, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरल्या. पण थंड पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत जायची. जेवताना घास डाव्या गालात धरून ती नुसती बसून राहायची.

तिचा नवरा धम्मदीप दिघीच्या बंदरात क्रेनवर कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो तिला बोर्ली पंचतनला दातांची डॉक्टर मृणाल हिच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरणीने लहान आरसा तोंडात घालून पाहिलं आणि सळईच्या टोकाने दाढेवर हलकेच टकटक केली. प्रांजलीने खुर्चीचे हात गच्च आवळले.

"मुळाशी पू झालाय," डॉक्टर म्हणाली. "आजच दाढ उघडून साफ करते. नाही वाचली तर काढावी लागेल."

"आणि बाळाला?" धम्मदीपने विचारलं.

"इंजेक्शनने फक्त तेवढी जागा बधिर होते. बाळाला त्याचा त्रास नाही. त्रास या पुवाचाच होईल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरी विचारून येतो, असं धम्मदीप म्हणाला. डॉक्टरणीला ते आवडलं नाही. तिने गोळ्या लिहून दिल्या. "या पोटुशीला चालतात. आजपासून घ्या. पण गोळ्यांनी पू निघून जात नाही, म्हणून या आठवड्यातच परत या. आणि जबड्याखाली सूज आली, ताप भरला, गिळता येईना, तर घरी थांबू नका."

घरी सासूने, भिमाबाईने, गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिलं.

"पोटुशीनं असल्या गोळ्या खायच्या न्हाईत."

"आये, डॉक्टरीण शिकलेली हाय," धम्मदीप म्हणाला.

"असूदे. आवडाबायनं पन शिकलेल्याच्याच खाल्ल्या व्हत्या."

आवडाबाई ही भिमाबाईची धाकटी बहीण. तिला मेलेलं मूल झालं होतं आणि त्याला शेवटची आंघोळ भिमाबाईने घातली होती. आवडाबाईने कसल्या गोळ्या खाल्ल्या, कशासाठी खाल्ल्या, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. पण ते निळं अंग भिमाबाईच्या डोळ्यांपुढून कधी हललं नव्हतं. ती काही खाष्ट सासू नव्हती. सुनेला हंडा उचलू देत नव्हती, कालवणातली माशाची मऊ तुकडी वेचून तिच्या ताटात वाढत होती.

धम्मदीपने बायकोकडे पाहिलं. तिने होय म्हटलं असतं तर त्याने फळीवरचं पाकीट काढून दिलं असतं. पण प्रांजलीचं आधीचं एक तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. तीही घाबरली होती.

"बघू," ती म्हणाली. "कमी होईल."

आणि कमी झालंच. हिरडीवर आलेला फोड एका सकाळी चूळ भरताना फुटला, तोंडात खारट, घाण चव आली आणि ठणका थांबला. दुपारी तिने पोटभर भात खाल्ला. "बघ, गेलं ना आपसूक?" भिमाबाई म्हणाली. घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं.

डॉक्टर मृणालचा फोन आला तेव्हा धम्मदीप कामावर होता. "आता दुखत नाही तिला, बरी आहे," त्याने सांगितलं.

"दुखणं थांबलं म्हणजे पू गेला असं नाही. आतली नस मेली की दुखत नाही, पण पू पसरत राहतो. घेऊन या तिला."

"येत्या रविवारी आणतो, मॅडम."

रविवारी त्याला कामावर जादा थांबावं लागलं. पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग न दुखणारी दाढ सगळे विसरले.

सातव्या महिन्यात प्रांजलीला एका दुपारी कणकण वाटली. उजव्या जबड्याखाली सूज आली होती. भिमाबाईने तव्यावर मीठ गरम केलं, फडक्यात बांधलं आणि शेकत बसली. शेकल्यावर बरं वाटतं, असं प्रांजली म्हणाली खरी, पण संध्याकाळी तिला भाकरीचा घास घ्यायलाही तोंड उघडेना.

रात्रपाळी करून धम्मदीप सकाळी घरी आला, तेव्हा ती खाटेच्या कडेला पुढे वाकून बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर. लाळ गिळता येत नव्हती, ती हनुवटीवरून छातीवर गळत होती. मान आणि हनुवटी यांच्यामधली खोबण भरून आली होती.

"झोपली न्हाय रातभर," भिमाबाई म्हणाली. "आडवी झाली की जीव घुसमटतो म्हनते."

प्रांजली काहीतरी बोलली. शब्द कळेना. जीभ कुणीतरी टाळूला चिकटवून ठेवल्यासारखा आवाज आला.

धम्मदीपने रिक्षा बोलावली. बोर्लीला डॉक्टर मृणालने हनुवटीखाली बोटं दाबली आणि तिचा चेहराच बदलला. तिथलं मांस लाकडासारखं टणक झालं होतं.

"हिला अजिबात आडवी करू नका. बसूनच न्यायचं. हे माझ्याच्याने होणार नाही, हिचा श्वास बंद पडू शकतो." तिने अँब्युलन्स बोलावली, अलिबागच्या रुग्णालयात फोन केला आणि बाहेर बसलेल्या पेशंटना घरी पाठवून स्वतः अँब्युलन्समध्ये चढली.

दिघीच्या धक्क्यावर पोचले तेव्हा खाडीपलीकडे गाड्या नेणारी जंगर बोट नुकतीच सुटून आगरदांड्याकडे निघाली होती. धम्मदीप धक्क्याच्या टोकापर्यंत पळत गेला, हात हलवत ओरडला. जंगर वळली नाही. ती पलीकडून परत येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. अँब्युलन्समध्ये भिमाबाई सुनेला आधार देत तिच्या पाठीशी टेकून बसली होती. प्रत्येक श्वासाला घरघर होत होती.

जंगर खाडीच्या मध्यावर आली तेव्हा प्रांजलीने सासूचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. दाबून धरला. बोलायचा प्रयत्न केला.

"व्हय गो, पोचलोच आता," भिमाबाई म्हणत राहिली. "ह्यो बघ किनारा."

प्रांजलीने मान हलवली आणि हात आणखी दाबला. ती काय सांगत होती ते भिमाबाईला अलिबागला कळलं.

तिथे प्रांजलीच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली. जबड्याखाली चिरून पू काढला, दाढही काढली. विष रक्तात गेलं होतं. बाळाचे ठोके आधीच थांबले होते. कळा देऊन ते बाहेर काढलं. मुलगी होती.

बाहेरच्या बाकाजवळ धम्मदीप आईसमोर उभा राहिला. "तू," तो म्हणाला. "तू त्या गोळ्या..." बरी आहे, असं फोनवर त्यानेच सांगितलं होतं. भिमाबाईने मान वर केली नाही. डॉक्टर मृणाल तिथेच होती. थोड्या वेळाने तिने भिमाबाईला पाणी आणून दिलं.

प्रांजली वाचली. घरी आली तेव्हा गळ्याला पट्टी होती, आवाज घोगरा झाला होता आणि जबडा बोटभरही उघडत नव्हता. छातीत दूध दाटायचं, त्यावर ओलं फडकं ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडायची. धम्मदीप कामावर जायचा, यायचा, जेवायचा. लेकीला कुठे पुरलं ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

जबडा सुटावा म्हणून रुग्णालयाने व्यायाम दिला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आणि जमेल तशी मध्ये एक वाढवायची. नवी काडी सरकवायचं काम भिमाबाई करायची. प्रांजलीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. भिमाबाई ते पदराने टिपायची, पण थांबायची नाही.

एकदा तिने काडी सरकवली आणि म्हणाली, "म्या द्यायला पायजे व्हत्या गो तुला गोळ्या."

प्रांजलीने काड्या काढून मांडीवर ठेवल्या.

"व्हय," ती म्हणाली. "द्यायला पाहिजे होत्या."

भिमाबाईने खालचा ओठ चावला.

"मीपण मागितल्या नाहीत," प्रांजली म्हणाली. मग गळ्यावरच्या पट्टीवर बोट ठेवून, आवाज फुटावा म्हणून, तिने विचारलं, "आई, तुम्ही तिला हातात घेतलं होतं ना?"

"व्हय."

"मला कुणी दाखवलं नाही. सांगा मला."

भिमाबाईने पदराने तोंड पुसलं. दाराबाहेर कुणी हाक मारत होतं, तिने ओ दिली नाही.

"क्यास व्हते," ती म्हणाली. "लई दाट. वले व्हते, कपाळाला चिकाटलेले. म्या बाजूला क्येले. बोटं लांब व्हती, तुज्यावानी. नखं पन आलेली..."

प्रांजली ऐकत राहिली.