आधी माल, मग माणूस

ससाण्याचं भाषण आता त्याच्या बायकोलाही तोंडपाठ झालं होतं. ससाणा हे नाव त्याला पोलिसाच्या नोकरीत मिळालेलं, आणि तेही चोरांकडून. गर्दीतला नशेबाज तो लांबून, नुसत्या चालीवरून ओळखायचा. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम काढतात, गुडघे चोळतात. ह्या गड्याने कायदा बदलायचं काढलं.

"आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं, आधी माल, मग माणूस," तो सभेत सांगायचा. "धाड घातली की आधी पुडी ताब्यात घ्यायची. जमिनीवर कोणी पडला असेल, तर त्याच्याकडे नंतर. एकदा आम्ही पुड्यांना सील लावत बसलो आणि पाठीमागे एक पोरगी जीवानिशी गेली." मग म्हणायचा, "हे उलटं करा. आधी माणूस."

मागणी साधी होती. नशेत कोणी बेशुद्ध पडलं आणि घरच्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, तर त्या घरावर गुन्हा नको. सध्याच्या नियमाने ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग पोलिसांची गाडी यायचीच. त्या भीतीने लोक फोनच करायचे नाहीत. माणूस निळा पडेपर्यंत तोंडावर पाणी मारत बसायचे.

आज दुपारी आमदारांच्या समितीपुढे त्याची साक्ष होती. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर पहिल्यांदा कोणीतरी त्याचं म्हणणं कागदावर घेणार होतं. खात्यातल्या जुन्या मंडळींना ते मुळीच रुचलेलं नव्हतं. परवाच त्याचा चेला घरी येऊन गेला. ह्याच्याच हाताखाली तयार झालेला, आता नशाविरोधी पथकाचा प्रमुख. बिनसाखरेचा चहा प्यायला, तब्येतीची चौकशी केली, आणि निघताना बूट घालता घालता म्हणाला, "साहेब, दुसऱ्यांच्या घरांची काळजी करताय. आपल्या घरात एकदा डोकावलात का?"

बोलताना त्याची नजर पोराच्या बंद दाराकडे गेली होती. ससाण्याने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

पोरगा नोकरी सोडून घरी परतला होता, "जरा आराम करायला." ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचा. घरातले चमचे कमी व्हायला लागले होते. बायकोने दोनदा विषय काढला. "अहो, तुम्ही एकदा नीट बघा ना त्याच्याकडे." "थकलाय तो," असं म्हणून ससाण्याने तो मिटवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खरं तर अंधारही नव्हता, ह्यानेच डोळे मिटून घेतले होते.

आज सकाळपासून समोरच्या फुटपाथला एक करडी गाडी लागलेली होती. आत दोघे बसलेले, कोणी उतरत नव्हतं. ससाण्याने पडद्याआडून पाहिलं. अशा गाडीत त्याने स्वतः अर्धं आयुष्य काढलेलं. अशी माणसं उगाच थांबत नसतात. तरी तो शर्टाला इस्त्री करत राहिला. कॉलरची एक घडी काही केल्या बसेना.

"पाणी कधीचं वाहतंय," बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली. "हाक मारली तर ओ देत नाहीये."

मग दोघंही धावली. न्हाणीघराची कडी तकलादू होती, एका धक्क्यात उखडली. पोरगा बेसिनखाली पडला होता, मान वाकडी, ओठ जांभळट. बेसिनच्या काठावर काळा पडलेला चमचा, सुई आणि उघडी पुडी.

आई पोराच्या अंगावर कोसळली. बापाचा हात मात्र पुडीकडे गेला.

त्याने ती कोपऱ्याला धरून उचलली, नोकरीत उचलायचा तशीच. संडासात टाकली. सुई टाकली. पाणी सोडलं. चमचा धुतला, टॉवेलने बेसिनचा काठ पुसला. हात कसे सराईतासारखे चालत होते. डोक्यात एकच चालू होतं : गाडी समोर आहे, साक्ष दुपारी आहे.

"अहो, श्वास घेत नाहीये हा! फोन करा!"

"थांब जरा," तो म्हणाला. "आधी हे..."

बायकोने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशा नजरेने तिने कधी बघितलं नव्हतं. मग ओल्या हातांनी तिनेच फोन लावला.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. मागून चेला आला, त्याला तर फक्त रस्ता ओलांडायचा होता. ॲम्ब्युलन्सवाली बाई पोराशेजारी गुडघ्यांवर बसली, तोंडावर मास्क दाबला, दंडात नशेवरच्या उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि वाट पाहिली. छाती हलली नाही.

"काय घेतलं होतं? हल्ली काहीही मिसळतात, ह्या औषधाला दाद देत नाहीत. पुडी कुठाय?"

चेल्याने लख्ख बेसिन पाहिलं, ओला टॉवेल पाहिला. सगळं त्याच्या लक्षात आलं.

"साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला, "इथे आम्हाला काही सापडायचं नाही. तुम्ही दुपारी खुशाल जा." त्याच्या आवाजात उपहास नव्हता, आणि तेच ससाण्याला सोसवेना.

"पुडी!" बाई ओरडली.

"मी टाकली," ससाणा म्हणाला. "संडासात. लिहून घे," त्याने चेल्याला सांगितलं. चेल्याने खिशातून हात काढला नाही.

"रंग तरी सांगा. पांढरी होती की मळकट? भुकटी की खडे?"

ससाण्याने तोंड उघडलं. आयुष्यभर त्याने नुसता वास घेऊन माल ओळखला होता, कोर्टात छातीठोक सांगितला होता. आत्ता डोळ्यांपुढे काहीच येईना. पुडी त्याने हातात धरली होती, पण पाहिली नव्हती.

"सांगा ना हो," बायको म्हणाली. "माल तर तुम्ही आधी बघता."

बाईने दुसरं इंजेक्शन भरलं आणि पोराच्या मानेवर बोटं ठेवून नाडी शोधत राहिली.