नाकमामांनी मान हलवली

“फिनेल,” कप्तान म्हणाले आणि अर्धी ओढलेली सिगार त्यांनी माझ्यासमोरच्या काचेवर ठेवली. “नाकमामा, ही सिगार आहे की इस्पितळाचा जिना?”

नाकमामा म्हणजे मी. एकतीस वर्षं या सिगारच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. पेटी फोडली की आधी मी हुंगायची आणि मी मान हलवली की गिऱ्हाइकाने पाकीट काढायचं, ही इथली रीत. थोरल्या मालकांनी घालून दिलेली. कप्तान जहाजावरून निवृत्त झालेले. आठवड्याला एकच सिगार ओढतात, रविवारी, आणि त्या तासात कोणाचा फोन घेत नाहीत. त्यांचा रविवार मी नासवला होता.

मी सिगार उचलली, नाकाशी धरली, सवयीने डोळे मिटले.

काही नाही.

चार महिने काहीच नव्हतं. तापातून उठलो तेव्हा ताप गेला होता आणि जाताना वास घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाला, “येईल, किंवा नाही येणार.” एवढं तर मीही सांगितलं असतं. दुकानात मी कोणाला बोललो नाही. नाक गेलेला नाकमामा म्हणजे काउंटरमागचा एक म्हातारा, आणि मालकांच्या टेबलावर या जागेसाठी तीन अर्ज पडून होते.

म्हणून ढोंग चालवलं. अंगठ्याने हलकेच दाबून पाहायचं, पान दबून पुन्हा वर येतंय का. उजेडात धरून तेलकट चमक बघायची. कानाजवळ फिरवायची, कुरकुरली तर कोरडी. मग नाकाशी न्यायची, ती नाटकापुरती. मान हलवायची. समोरचे बडे लोक लगेच डोळे मिटून म्हणणार, “वा, चामडं. मागे थोडा मध.” हे शब्दही मीच शिकवलेले. माझं नाक मेलंय हे चार महिन्यांत एकाही शहाण्याला कळलं नाही. मला हसू यायला हवं होतं. यायचा राग. एकतीस वर्षं मला पारखी म्हणत आले, आणि यांना स्वतःला काडीचं कळत नव्हतं. सगळा कारभार माझ्या मानेवर चालला होता. कप्तान तेवढे वेगळे. पण त्यांनीही या सिगारची पेटी माझ्या मानेवर विश्वास ठेवून न हुंगता काखेत मारली होती.

आवाज ऐकून मालक बाहेर आले. थोरल्यांचे चिरंजीव. त्यांनी सिगार हुंगली आणि तोंड वाकडं केलं. “मावशीला बोलवा.”

मावशी दुकानाची झाडलोट करते. बाहेर रोज फिनेलने फरशी पुसते, पण पेट्यांच्या आतल्या खोलीत फक्त साधं पाणी, हा नियम. तिथे देवदाराच्या फळ्या, हवेत ओल ठेवणारं यंत्र, आणि दार कायम बंद. सिगार शेजारचा वास पिऊन बसते.

“मावशी, आत फिनेल वापरलंत?”

“मुद्दाम नाही, मालक. मागच्या सोमवारी बाथरूमची बादली तशीच आत नेली. पुसायला लागल्यावर ध्यानात आलं. मग चांगल्या पाण्याने दोनदा पुसून काढलं, आणि मामांना बोलावलं. म्हटलं, वास राहिलाय का बघा. मामा म्हणाले, काही नाही.”

खरं होतं. मी आत गेलो होतो, छातीभर श्वास घेतला होता आणि मान हलवली होती.

मालक हसले. चिडले की ते अरेतुरेवर येतात. “म्हणजे कप्तानांना वास येतो आणि मामांना येत नाही? खोटं तरी नीट बोल. मामांनी पाहिल्यावर पुन्हा फिनेल फिरवलंस तू. उद्यापासून येऊ नकोस.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, काही मागितलं नाही. माझं नाक चुकत नाही यावर तिचाही विश्वास होता. आपणच पुन्हा बादली नेली होती की काय, हे ती आठवत होती. ते मला बघवेना.

“वास येत नाही मला,” मी म्हणालो.

“कसला?”

“कसलाच. चार महिने झाले. मावशी खरं बोलतेय. फरशीवर रॉकेल ओतलं असतं तरी मी मान हलवली असती.”

मालकांनी हातातली सिगार काचेवर ठेवली.

“चार महिने?” मालक म्हणाले. “मग इतक्या पेट्या कशा पारखल्या?”

मी अंगठा वर केला.

“गेल्या महिन्यातली ती काळ्या पानाची?” कप्तानांनी विचारलं.

“तीही.”

“ती तर फर्मास होती.” त्यांनी माझा अंगठा निरखून पाहिला. “मग आमचं हे नाक काय शोभेला लावलंय का हो?”

“मामा, दुकान नाकावर चालतं,” मालक म्हणाले.

“चाललं की चार महिने, बिनानाकाचं.”

एकतीस वर्षांत मी असं उत्तर दिलं नव्हतं. छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. उद्या काउंटर नसेल, पण उद्या ढोंगही नसेल.

मालकांनी मला काढलं नाही. दया नव्हे, कप्तान समोर उभे होते. काउंटर गेला. मला आतल्या खोलीत दिलं, ओल सांभाळायला आणि पेट्या अंगठ्याने पारखायला. मावशी राहिली. तिची माफी कोणी मागितली नाही, म्हणून मी मागितली. ती म्हणाली, “आधी सांगायचं नाही का, मामा? मी हुंगून दिलं असतं की.”

घरी बायकोला सांगायला बसलो, तर ती भाजी चिरायची थांबलीही नाही. “ठाऊक आहे. मागे करपलेलं दूध दिलं होतं, गटागटा प्यायलात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलायची वाट बघत होते. चार दिवस ओळीने करपवलं, अहो. पातेलं घासून माझे हात गेले.”

शनिवारी मी दुकानात पुढच्या दाराने गेलो. आजवर फाटक्या पानाच्या, न खपणाऱ्या सिगारी फुकट मिळायच्या, आज अख्खी विकत घ्यायची होती. नव्या विक्रेत्याने एक काढली, हुंगली, डोळे मिटले आणि मान हलवली. मी ती अंगठ्याने दाबली आणि परत ठेवली. शेजारची घेतली.

रविवारी बागेतल्या बाकावर कप्तान माझ्यासाठी जागा धरून बसले होते. त्यांनी माझी सिगार कापली, कडेकडेने पेटवली, पहिला झुरका घेतला आणि माझ्या हातात दिली.

“काय आहे?” मी विचारलं.

“जुनं कपाट,” ते म्हणाले. “आत कोणाचा तरी कोट. नीट घडी केलेला.”

मी ओढली. जिभेवर ऊब आली, बाकी काही नाही. पण सिगार एकसारखी जळत होती, कुठे तिरकी नाही. राख पांढरी, घट्ट, न पडता बोटाच्या पेराएवढी वाढली, मग दीड पेर; चांगल्या सिगारची हीच खूण. मी हात बाकाच्या पाठीवर स्थिर धरला, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.