सात नंबरची राख

डेपोच्या फोरमनला सगळे पाठीमागे सर्वज्ञ म्हणत आणि तोंडावर साहेब. फिल्टर साफ करणाऱ्या बाईचं त्याच्याविषयीचं मत त्याहून वाईट होतं. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी चढतो, हा खुर्चीवरून उठत नाही, असं ती म्हणे.

अकरा वर्षं ती एकाच बाकावर काम करत होती. बसच्या सायलेन्सरच्या नळीतला फिल्टर काढायचा, वजन करायचं, भट्टीत तापवायचा, हवेच्या झोताने झाडायचा आणि पुन्हा वजन करायचं. धुरातली काजळी गाडी चालता चालता फिल्टरमध्येच जळून जाते. राख मात्र जळत नाही, साठत जाते, आणि ती येते इंजिनात जळलेल्या ऑइलमधून. बाकीच्या गाड्यांचे फिल्टर तिच्याकडे वर्षातून एकदा येत. सात नंबरचा दर दोन महिन्यांनी यायचा, राखेने गच्च भरून.

म्हणजे सात नंबर ऑइल पीत होती. हे सर्वज्ञाला सोडून कुणालाही कळलं असतं.

वर्षभर तिला कामचुकार म्हणून झाल्यावर त्याने तिच्या हातात पत्र ठेवलं. फिल्टर नीट साफ होत नाही, म्हणून महिनाअखेरीस बाक सोडायचा आणि गाड्या धुवायला जायचं.

"साहेब, फिल्टर साफच असतो. इंजिन ऑइल जाळतंय," ती म्हणाली.

"बाई, रोज सकाळी गाडी निघायच्या आधी मी डिपस्टिक बघतो. सात नंबरचं ऑइल वर्षभर फुल्ल आहे. स्टोअरमधून एक थेंब घेतलेला नाही. जाळतेय तर मग ते भरतं कोण, आभाळ?"

आजूबाजूचे हसले. सात नंबरचा ड्रायव्हरही हसला. तो तिचा नवराच होता. घरी आल्यावर म्हणाला, "अगं, साहेबाचं मनावर घेऊ नकोस. गाड्या धुण्यात काय वाईट आहे? मोकळी हवा असते." अशी अक्कल पाजळणाऱ्याला जेवायला वाढावं की नाही, याचा तिने थोडा वेळ विचार केला. मग वाढलं.

तिने सात आणि बारा नंबरचे फिल्टर वजनं लिहून एकमेकांत बदलले. तीन आठवड्यांतच सातवर चढवलेला बाराचा फिल्टर राखेने जड झाला. सातचा बदनाम फिल्टर बारावर होता तसाच राहिला. तिने आकडे सर्वज्ञापुढे ठेवले. त्याने ते वाचलेसुद्धा नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, एवढं म्हणाला आणि चहा मागवला.

"मग एक करा," ती म्हणाली. "ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक, दोन्हींना तार बांधून सील मारा. स्वतःच्या हाताने. गाडी दोन दिवस चालू द्या आणि परवा सगळ्यांसमोर सील तोडा. ऑइल तसंच असलं तर मी त्याच दिवशी गाड्या धुवायला जाते."

सर्वज्ञाला ही मजा वाटली. त्याने सील मारलं आणि वर अंगठ्याने दाबून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा घरी आला तो पाणीसुद्धा न पिता तिच्यासमोर उभा राहिला. ती भाजी चिरत होती.

"ते सील काढायला सांग."

"का हो?"

"उद्यापर्यंत ऑइल पुरायचं नाही. इंजिन जाम होईल. गाडीत माणसं असतात."

तिची सुरी थांबली. "तुम्हाला कसं ठाऊक, किती पुरतं ते?"

मग सगळं बाहेर आलं. गाड्यांचं ऑइल बदललं की डब्यांच्या तळाशी थोडं थोडं उरतं. ते तो कॅनमध्ये साठवायचा आणि सर्वज्ञ यायच्या आधी लिटर-दीड लिटर सात नंबरमध्ये ओतायचा. वर्षभर, रोज सकाळी.

"सातचं स्टिअरिंग लोण्यासारखं आहे गं," तो म्हणाला. "इंजिन उघडलं तर तीन महिने ती आत पडणार आणि मला कुठलंतरी खटारं देणार."

"आणि मला ते कामचुकार म्हणत होते तेव्हा?"

"मला वाटलं, आज ना उद्या साहेब विसरेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. ती वर्षभर इंजिनातला चोर शोधत होती आणि चोर तिच्याच हातचं जेवत होता. तिने लगेच डेपोत फोन केला आणि सात नंबर सील तपासल्याशिवाय सोडू नका, असं सांगितलं. मग ती पुन्हा भाजी चिरायला बसली.

सकाळी सगळे जमले. सर्वज्ञाने सील तोडलं, डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घालून ओढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

"मला शंका होतीच," सर्वज्ञ म्हणाला. "इंजिन उघडा. बाई, ते पत्र फाडून टाका." एवढीच त्याची माफी. मग त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "पण रोज ऑइल ओतत कोण होतं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने आपण होऊन तोंड उघडलं असतं तर तिने त्याला निम्मं तरी माफ केलं असतं, आणि घाई तिला नव्हती. तो बुटाचं टोक जमिनीवर घासत होता. मग वर बघून म्हणाला, "रात्रपाळीवाल्यांना विचारायला पाहिजे, साहेब."

रात्रपाळीतल्या तीन माणसांची तोंडं उतरली. वर्षभर तिचं जसं उतरत होतं, अगदी तसंच.

"त्यांना नका विचारू," ती म्हणाली. "ह्यांनी ओतलं. कॅन ह्यांच्याच सीटखाली आहे."

सर्वज्ञाने सीट उचलली. कॅन तिथेच होता.

ती बाकाकडे वळली आणि फिल्टर काढायला पाना घेतला. नवरा मागोमाग आला. "नवऱ्याला असं चारचौघांत... तुला एवढा राग आला होता तर घरी बोलायचंस ना."

"राग नाही आला," ती नट सैल करत म्हणाली. "राग यायला माणूस जरा बरा असावा लागतो. बाजूला व्हा, उजेड अडतोय."