‘रन’चा खण

मित्रांनो, मला कुणी कपाट म्हटले की मला अवघडल्यासारखे होते. मी कपाट नव्हे, कपाटातला एक खण. आता वय झाले आहे. एका बाजूने लाकूड फुगले आहे आणि ओढले की मी कुरकुरतो. माझ्या आयुष्यात फार काही घडले नाही. जे घडले ते एकाच शब्दामुळे, आणि तो शब्दही मराठी नव्हता.

मला घडवणाऱ्या सुताराने माप घेताना घोळ घातला. बाकीचे सगळे खण वीतभर खोल झाले आणि मी एकटा दोन वीत. चूक लक्षात आली तेव्हा तो जराही गडबडला नाही. एखादी मोठी वस्तू ठेवायला लागतेच की, असे गिऱ्हाइकाला सांगून मोकळा झाला. गिऱ्हाईक होते इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे कार्यालय. तिथे मोठी वस्तू कुठली असणार? तिथे नुसत्या चिठ्ठ्या.

काम असे चालायचे. पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून, औषधाच्या बाटलीवरून, जिथून मिळेल तिथून इंग्रजी वाक्ये उतरवून घ्यायची. एका चिठ्ठीवर एकच वाक्य. मग त्या शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून, सारखे अर्थ एका ढिगात लावायचे आणि शेवटी नोंद लिहायची. शेजारच्या खणांत शेकडो शब्द गुण्यागोविंदाने राहत होते. माझ्यात मात्र एकच राहायला आला: ‘रन’. त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या कुठल्या खणात मावेनात, म्हणून माझी आठवण झाली.

शाळेत हा शब्द अगदी सुरुवातीलाच शिकवतात. रन म्हणजे धावणे, संपले. माझ्या पोटात शिरल्यावर कळायचे की काही संपलेले नाही. एका चिठ्ठीत मुलगी धावत होती, तर दुसरीत नळ वाहत होता. तिसरीत कुणी दुकान चालवत होते. धुतलेल्या सदऱ्याचा रंग जायचा तो याच शब्दाने आणि पायमोजा उसवायचा तोही याच शब्दाने. रस्ता डोंगराकडे जायचा, मेण वितळून ओघळायचे, नाक गळायचे. मराठीत उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. इंग्रजीत तोच बिचारा धावत सुटतो. धावणे, पळणे, वाहणे, गळणे, जाणे, चालणे, चालवणे असे मराठीतले कितीतरी शब्द या एकट्याची कामे वाटून घेऊन करत होते.

हा खण मास्तरांचा होता. पूर्वी ते शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांची ढीग लावायची पद्धत न्यारी होती. दोन अर्थांत केसाइतका फरक दिसला तरी ते वेगळा ढीग करायचे. प्रत्येक ढीग शिवणाच्या दोऱ्याने बांधायचे, त्यावर एक चिठ्ठी ठेवायचे आणि ती कोरीच सोडायचे. नाव दिले की माणूस विचार करायचा थांबतो, असे ते स्वतःशीच पुटपुटायचे. सगळे ढीग पक्के झाले की एकदमच नावे द्यायची.

समोरच्या टेबलावर संपादकबाई बसायच्या. त्यांचे मत अगदी उलटे. वाचणाऱ्याला घाई असते, त्याच्या अंगावर पन्नास अर्थ ओतून काय साधणार, असे त्या विचारायच्या. मराठीत दोन्हीकडे एकच शब्द येत असेल तर ढीगही एकच पुरे. मास्तर म्हणायचे, मग पाठ्यपुस्तकच छापा, कोश कशाला? दोघांची रोज जुंपायची आणि रोज चहाला मिटायची. मला कुणाचेच पटत नव्हते आणि न पटतही नव्हते. मी खण आहे, माझे काम ठेवून घेण्याचे.

पुढे मास्तर चिठ्ठी डोळ्यांच्या फार जवळ नेऊ लागले. नंतर खिडकीपाशी उभे राहून वाचू लागले. नजर चालली आहे, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. मला कळले, कारण दोऱ्याची गाठ ते आता न बघता, बोटांनीच मारायचे. ‘रन’ पुरा करायचा आणि मगच घरी बसायचे, एवढाच त्यांचा हट्ट होता. तेवढ्यात एका डोळ्याचे ऑपरेशन अचानक करावे लागले आणि ते रजेवर गेले.

इकडे खालच्या मजल्यावरचा छापखाना ‘आर’ अक्षराच्या मजकुरासाठी तगादा लावून बसला होता. बाईंनी मला ओढले. आत दोऱ्याने बांधलेल्या असंख्य पुड्या, आणि एकीवरही नाव नाही. मास्तरांना अजून ढीगच लावायचे आहेत, या कोऱ्या चिठ्ठ्या म्हणजे न झालेले काम, असे त्यांना वाटले. त्यात त्यांचे काही वाईट मनात नव्हते. उलट आजारी माणसाचे ओझे हलके करावे म्हणून त्या कंबर कसून बसल्या. कात्रीने दोरे कापले, कोऱ्या चिठ्ठ्या दुसऱ्या कामाला घेतल्या आणि सगळ्याचे पाच गठ्ठे करून त्यांना रबर लावले. आठवड्याभरात नोंद लिहून तयार. माझे पोट एवढे नीटनेटके कधीच नव्हते, हेही खरे.

मास्तर परत आले ते काळा चष्मा लावून. एका डोळ्याचे ऑपरेशन फसले होते आणि दुसऱ्यानेही आता अक्षर लागत नव्हते. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी मला ओढले आणि आत हात घातला. बोटे दोरे शोधत होती. रबराच्या पाच गठ्ठ्यांवरून ती फिरली, तळापर्यंत गेली, पुन्हा वर आली आणि तिथेच राहिली.

बाईंनी आनंदाने सांगितले, “तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून मी सगळं आवरून टाकलं, मास्तर.”

“बाई,” मास्तर म्हणाले, “ते आवरलेलंच होतं.”

त्यांनी आवाज चढवला नाही. मला हळूच आत ढकलले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत आणि तिसऱ्याही. बाई समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत आणि लिहिलेली नोंद पुन्हा पुन्हा वाचत. काय केले ते त्यांना आता कळले होते. कित्येक वर्षांची मेहनत गेली होती आणि ती पुन्हा करायला मास्तरांकडे डोळे उरले नव्हते.

मग बाई खाली गेल्या. छापखान्याच्या मालकाने नाक मुरडले, पण महिनाभर थांबायचे कबूल केले. वर येऊन त्यांनी मला कपाटातून पुरते बाहेर काढले, चादरीत गुंडाळले आणि गाडीत मांडीवर घेऊन बसल्या. माझ्या जन्मात मी रस्ता पाहिला तो एवढाच, आणि तोही चादरीच्या फटीतून.

दार मास्तरांच्या बहिणीने उघडले. माणूस रुसला की लोक फुलं आणतात, तुम्ही फर्निचर आणलंत, असे म्हणून तिने मला जेवणाच्या टेबलावर जागा करून दिली. बाईंनी कसलीही प्रस्तावना केली नाही. रबर काढले आणि पहिली चिठ्ठी मोठ्याने वाचली. मास्तर तोंड फिरवून बसले होते. दुसरी वाचली, तिसरी वाचली. चौथीला त्यांच्याने राहवले नाही. “तिसरीबरोबर नको, पहिलीबरोबर,” ते म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. बाई वाचायच्या, मास्तर सांगायचे आणि बहीण दोरे बांधायची. भांडणेही सुरू झाली, म्हणजे सगळे ठीक चालले होते. नुसते ऐकून फरक ओळखायचा तर कान फार जागे ठेवावे लागतात. बाई हळूहळू मास्तरांच्या आधीच चिठ्ठी योग्य ढिगाकडे सरकवू लागल्या. मास्तरांना ते दिसत नव्हते. मला दिसत होते.

काम संपत आले तसे मास्तर थकत गेले. शेवटच्या आठवड्यात तर कधीकधी ते प्रत्येक चिठ्ठीला नुसतीच मान हलवायचे. अशाच एका संध्याकाळी एक वाक्य आले: एक नाटक वर्षभर चालले. यंत्र चालते, घड्याळ चालते, असा ढीग आधीच बांधलेला होता.

“त्यातच टाका,” मास्तर म्हणाले. “मराठीत एकच शब्द आहे.”

बाईंनी चिठ्ठी टाकली नाही. ती त्यांनी पुन्हा एकदा वाचली.

“नाही, मास्तर. यंत्र आपलं आपण चालतं. नाटक लोक येतात म्हणून चालतं. लोक यायचे थांबले की ते संपलं. हा वेगळा आहे.”

मास्तरांनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे पुसले, चष्मा परत लावला. “मग वेगळा ठेवा,” ते म्हणाले, आणि किती दिवसांनी खळखळून हसले.

कोश छापून आला. ‘रन’ची नोंद पानेच्या पाने पसरली आहे. बाईंनी ती मास्तरांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली आणि त्यांनी मध्येच थांबवून दोन चुका काढल्या. आता कार्यालयात संगणक आले आहेत आणि चिठ्ठ्या कुणी लिहीत नाही. मास्तरही राहिले नाहीत. माझ्यात सध्या जुन्या वायरी ठेवतात. तक्रार नाही, ठेवून घेणे हेच माझे काम.

फक्त एक मागणे आहे, मित्रांनो. कुणाचे टेबल, कुणाचे कपाट, कुणाची खोली आवरायला निघालात, तर तिथला पसारा तुमच्या डोळ्यांनी मोजू नका. त्यात कुणाचा तरी हात फिरलेला असतो. उचलण्याआधी त्याला विचारा, आणि तो समोर आहे तोवर विचारा. आम्हा खणांना सगळे ठाऊक असते, पण आम्हाला ते वेळेवर सांगता येत नाही.