भोंग्याच्या बायकोचं कोपर

डेपोत त्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव त्याने ट्रेलरच्या हॉर्नमुळे नव्हे, घोरण्यामुळे कमावलं होतं. विश्रांतीच्या तळावर त्याची गाडी रांगेच्या शेवटी लागायची आणि कितीही गर्दी असली तरी शेजारची जागा रिकामी राहायची. नवखा कुणी तिथे गाडी लावलीच, तर सकाळी लाल डोळे घेऊन शहाणा होऊन निघायचा.

बायकोने मात्र त्या आवाजाशी संसार मांडला होता. खोटं कशाला सांगा, सुरुवातीला तिनेही कानात कापूस घातला. पण पुढे तिला त्या घोरण्यातलं सगळं कळायला लागलं. घोरणं चालू आहे तोवर माणूस ठीक आहे. मध्येच ते थांबायचं, छाती नुसती धडपडायची आणि खोली चिडीचूप व्हायची. मग ती कोपराने त्याच्या बरगडीत एक ढोसणी द्यायची. तो "हं" करून कूस बदलायचा, भोंगा पुन्हा सुरू व्हायचा आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. पुढची शांतता येईपर्यंत तिला डुलकी घेता यायची.

तो गाडीवर असला म्हणजे ती निवांत झोपत असेल, असं वाटणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं. तिकडे केबिनमध्ये कोपर कोण मारणार, या विचाराने तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नाही.

गाडीला लागतो तसा ड्रायव्हरलाही तब्येतीचा दाखला लागतो. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी भोंग्याची जाड मान पाहिली आणि विचारलं, "चालवताना पेंग येते का?"

भोंगा खोटं बोलण्यात कच्चा. "सिग्नलला उभा असलो की येते. मागचा हॉर्न वाजवतो, मग जाते."

झालं. झोपेची तपासणी झाली आणि झोपेत श्वास अडकतो असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्याला एक छोटं मशीन दिलं. त्याला नळी, नळीला मास्क, मास्कमधून नाकात हवा. झोपताना दर वेळी लावायचं. किती वेळ लावलं ते मशीनच सांगणार आणि ते पाहून दाखल्यावर सही होणार. नाहीतर स्टेअरिंग सोडून डेपोच्या टायरखोलीत बसायचं. टायरखोलीत काही वाईट नव्हतं, पण मोठा रस्ता आणि उंच केबिन यांवर भोंग्याचा जीव होता. खिडकीतून डेपोच्या फाटकाकडे बघत बसलेला नवरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला जेवण गेलं नाही.

भोंग्याने मास्क इमानदारीने लावला. आरशात बघून म्हणाला, "हत्तीचं पिल्लू दिसतोय." पण गाडीवर त्याला अशी झोप लागू लागली की उठल्यावर जग धुऊन ठेवल्यासारखं वाटायचं. तळावर तर एका दोस्ताने केबिनचं दार ठोठावलं. "आवाज नाही काही. जिवंत आहेस ना?"

तरीही पहिल्याच फेरतपासणीला डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "गाडीवर असता तेव्हा उत्तम. घरी आलात की तासाभरात मास्क निघतो. असं का?"

"मी काढत नाही हो. मी तर झोपलेला असतो."

"मग कोण काढतं? असं चाललं तर मला सही करता येणार नाही."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा तिला तिथल्या तिथे दिसला. "मी उठवते यांना," ती म्हणाली. "आवाज बंद झाला की."

"कसला आवाज?"

"घोरण्याचा. मशीन लावलं की येतच नाही. मग मी कोपर मारते. तरी येत नाही, मग आणखी मारते. शेवटी हे वैतागून मास्क काढून फेकतात आणि घोरायला लागतात. मग मला बरं वाटतं."

भोंग्याने नकळत बरगडी चोळली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ताई, आधी आवाज थांबायचा तेव्हा श्वास खरंच अडकत होता. तुम्ही उठवत होतात ते बरोबरच होतं. आता आवाज नाही, कारण श्वास नीट चाललाय. महिनाभर हात आवरा. मग बघू."

हात आवरा म्हणणं सोपं. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या खोलीत झोपली आणि दर थोड्या वेळाने दारातून डोकावून गेली. दुसऱ्या दिवशी परत पलंगावर आली, दोन्ही हात उशीखाली दाबून. भोंगा छताकडे बघत मास्कमधून काहीतरी पुटपुटला. मग त्याने तिचा हात ओढून काढला आणि नळीवर ठेवला. नळी कोमट होती. तो श्वास घ्यायचा तशी ती बोटांखाली किंचित थरथरायची, सोडायचा तशी निवायची. पुन्हा थरथरायची. ती लक्ष देऊन मोजू लागली. किती मोजले ते तिला आठवत नाही.

महिन्याने दोघं पुन्हा त्या खुर्च्यांवर बसली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पाहिलं. "छान. घरीही पूर्ण झोप. पण हे काय? झोपेत मधूनच मास्क वाकडा होतोय, हवा गळतेय. फक्त घरी."

बायकोची पाचावर धारण बसली. आता लपवून काय उपयोग? "तेही माझंच. मी नळी धरून झोपते. कूस बदलते तेव्हा ओढली जात असेल. मला कळत नाही."

"कळत नाही? म्हणजे तुम्हाला गाढ झोप लागते?"

साधाच प्रश्न होता. पण लग्न झाल्यापासून हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "लागते," ती म्हणाली, आणि का कोण जाणे तिचे डोळे भरून आले. भोंगा तिच्याकडे पाहतच राहिला. आपल्या झोपेचा हिशोब मशीनने ठेवला, हिच्या जागरणाचा कुणी ठेवला नाही, हे त्याच्या जाड डोक्यात तेव्हा शिरलं.

डॉक्टरीणबाईंनी दाखल्यावर सही केली. मग उठून कपाटातून एक लांब नळी काढून टेबलावर ठेवली. "ही लावा. दोघांना पुरेल."

त्या दुपारी पडदे ओढून दोघं आडवी झाली. संध्याकाळी भोंग्याला जाग आली ती एका आवाजाने. त्याने मास्क काढला. नळी मुठीत धरून बायको झोपली होती आणि चक्क घोरत होती. अगदी बारीक, पण घोरतच होती. तिच्यासारखं काळजीने नव्हे, गंमत म्हणून त्याने कोपर उचललं. क्षणभर तसंच धरलं. मग हळूच मागे घेतलं, पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेला आणि चहा एकाच माणसाचा टाकला.